फिल्टरमधली विसरलेली ओळ

नाशिकमध्ये तेव्हा इंटरनेट म्हणजे गच्चीवरून गच्चीवर ओढलेली केबल होती. आमचे मालक मूळचे केबल टीव्हीवाले. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणायचे. टीव्हीच्या तारेशेजारून त्यांनी दुसरी तार ओढली, एका मोठ्या कंपनीकडून जोडणी घेतली आणि कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत घरोघरी इंटरनेट द्यायला सुरुवात केली. दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. कॅनडा कॉर्नरजवळ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. तिथे भाऊंची केबिन, तक्रारी लिहून घेणाऱ्या एक बाई आणि दिवसभर ये-जा करणारे वायरमन. तिसऱ्या मजल्यावर यंत्रांची खोली, आणि तिथे मी.

खोलीला एक खिडकी होती, ती प्लायवूड ठोकून बंद केलेली. एसी बंद करायची परवानगी नव्हती. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असायचं आणि मी स्वेटर घालून बसलेली असायचे. यंत्रांच्या पंख्यांचा एकसारखा घूं आवाज. पहिले काही दिवस त्यानं डोकं दुखायचं. पुढे तो ऐकू येईनासा झाला, पण घरी गेल्यावर मात्र कान रिकामे वाटायचे.

मी निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडिलांची द्राक्षबाग. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि लगेच लग्न झालं. ते दीड वर्ष टिकलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मारहाण नाही, भांडण नाही, फक्त त्या घरात माझ्याशी कुणी बोलायचं नाही. एक दिवस मी बॅग भरून माहेरी आले. आईनं काही विचारलं नाही, पण गावानं विचारायचं सोडलं नाही. विहिरीवर, दुकानात, देवळात तोच प्रश्न. म्हणून नोकरी मिळताच नाशिकला आले, उपनगरात एक खोली घेतली. रविवारी घरमालकिणीच्या फोनवर आईचा फोन यायचा.

"जेवली का?"

"जेवले."

"दिवसभर काय करती तिथं येवढं?"

मी सांगायचा प्रयत्न करायचे. आई थोडा वेळ ऐकून म्हणायची, "मला नाय कळत त्यातलं. तब्येतीला जप." आणि फोन ठेवायची. मग उरलेला रविवार मोकळा असायचा. कपडे धुवायचे, वाळत घालायचे, मग त्यांच्याकडे बघत बसायचं.

खरंच, मी दिवसभर काय करायचे ते सांगणं अवघड होतं. सगळं नीट चाललेलं असलं की मी काहीच करत नाही असं दिसायचं. आणि काही बिघडलं की ते माझ्यामुळे बिघडलं असं वाटायचं.

एका जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, खोलीतला फोन वाजला. त्या फोनवर फक्त खालच्या बाई बोलायच्या, म्हणून मी नेहमीसारखं "हां, बोला" म्हटलं. पलीकडे एक अनोळखी पुरुषाचा दमलेला आवाज होता. तो मोडक्या हिंदीत बोलत होता आणि मी मोडक्या इंग्रजीत. इथे मराठीत सांगते.

तो दक्षिणेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाचं नेटवर्क सांभाळणारा माणूस होता. तीन दिवसांपासून त्यांच्याकडे पाकिटांचा पूर आला होता. पाकिटं म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीचे छोटे तुकडे. प्रत्येकावर कुठे जायचं तो पत्ता असतो आणि कुठून निघालं तोही पत्ता असतो. सेकंदाला हजारो पाकिटं येऊन त्यांचा सर्व्हर बंद पाडत होती. मुलांना परीक्षेच्या तोंडावर ग्रंथालयाचं काहीच उघडता येत नव्हतं.

"कुठून येतात ते बघितलं का?" मी विचारलं.

"तेच तर. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा आहे. प्रत्येक पाकिटावर वेगळा. मी या पत्त्यांना अडवू तरी कसा? एकाला अडवतो तर दुसरा येतो."

"मग आमच्याकडे कसे पोचलात?"

"वाटेवरच्या प्रत्येक कंपनीला फोन केला. तुमच्याकडे कुठल्या दारातून येतंय ते बघा, असं विचारत विचारत मागे आलो. तुम्हाला जोडणी देणाऱ्या कंपनीनं काल सांगितलं, की हे सगळं नाशिकच्या तारेतून शिरतंय." मग तो म्हणाला, "मी तुम्हाला दोष देत नाही. पण मी माझ्या दारात कितीही अडवलं तरी माझी तार तोवर भरलेली असते. ते तुमच्या दारातच थांबायला हवं."

मी त्याचा नंबर लिहून घेतला आणि राउटरवर, म्हणजे पाकिटांना वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, बघितलं. आमच्याकडून बाहेर जाणारी रहदारी दुपटीनं वाढली होती. ती तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती आणि गिऱ्हाइकं वाढली असतील म्हणून मी ती सोडून दिली होती.

मी खाली भाऊंकडे गेले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "आपलं काही बंद पडलंय का?"

"नाही."

"कुणा गिऱ्हाइकाची तक्रार?"

"नाही. पण भाऊ, आपल्या तारेतून दुसऱ्याला त्रास होतोय. बाहेर जाणाऱ्या पाकिटांवर आपला पत्ता आहे का तेवढं तपासायचं. नसेल तर ते पाकीट सोडायचं नाही. तसा फिल्टर लावता येतो."

"एवढं सोपं आहे, मग सगळेच का नाही लावत?"

"कारण लावून आपल्याला काही मिळत नाही. मिळतं ते दुसऱ्याला."

भाऊ हसले. वाईट हसू नव्हतं ते. "ताई, तुम्हाला योग्य वाटतं ते करा. पण माझी लाइन पडली नाही पाहिजे."

मी वर आले. फिल्टर म्हणजे राउटरला दिलेली एक यादी. या पत्त्यांना जाऊ द्या, त्या पत्त्यांना जाऊ द्या, अशा ओळी एकाखाली एक लिहायच्या. राउटर वरून खाली वाचतो आणि जुळणारी ओळ सापडली की थांबतो. जो पत्ता यादीत कुठेच नाही, त्याला तो बाहेर सोडत नाही. ही शेवटची अट लिहावी लागत नाही, ती न लिहिताच लागू असते. मी दोनदा वाचून बघितलं आणि यादी लावली. दुपारचे तीन वाजून गेले होते.

अडवलेल्या पाकिटांचा आकडा बघता बघता इतका वाढला, की मला शेवटचे अंक वाचता येईनात. मी त्या माणसाला फोन लावला.

"आता बघा."

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. मग तो म्हणाला, "थांबलं." त्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. "तुम्ही काय केलंत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या लोकांना फोन केले. काम करून परत फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग त्याला कुणीतरी हाक मारली, आणि त्यानं घाईत आभार मानून फोन ठेवला.

मला हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. मी पहिल्या मजल्यावर गेले. तक्रारीच्या बाई शेंगदाणे खात होत्या.

"आज नाशिक रोडवाल्यांनी डोकं खाल्लंय," त्या म्हणाल्या. "एकामागून एक फोन. मांजानं तार कापली असणार. वायरमनला पाठवलंय."

संक्रांतीत ते नेहमीचंच होतं. मी मान हलवली, खाली टपरीवर जाऊन एकटीनंच चहा प्यायले आणि सहाच्या बसनं घरी गेले. त्या दिवशी मी खुशीत होते. येताना स्वतःसाठी तिळाच्या वड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारीच्या बाई स्वतः दोन जिने चढून वर आल्या. त्यांच्यामागे एक गृहस्थ होते. सत्तरीकडे झुकलेले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्याभोवती पांढरं मऊ कापड नीट बांधलेलं.

"यांना बोलता येत नाही," बाई म्हणाल्या. "नाशिक रोडकडून, जेल रोडवरून आलेत. तुम्हीच बघा काय ते." आणि त्या गेल्या.

मी माझी खुर्ची त्यांना दिली. दुसरी खुर्ची नव्हतीच. ते बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. अक्षर छापल्यासारखं होतं.

'काल गुरुवार दुपारी ३ वाजून १० मिनिटांपासून इंटरनेट बंद. कॉम्प्युटरमागचा हिरवा दिवा चालू आहे, म्हणजे तार तुटलेली नाही. शेजारच्या दोन इमारतींतही हीच परिस्थिती. वायरमन तीन वेळा गच्चीवर चढून गेला, त्याला काही सापडले नाही. फोनवर तक्रार करणे मला शक्य नसल्याने समक्ष आलो आहे.'

तीन वाजून दहा मिनिटं. मी राउटरवरची यादी उघडली. डिसेंबरमध्ये आमचे जुने पत्ते कमी पडायला लागले, म्हणून आम्ही पत्त्यांचा दुसरा गट घेतला होता आणि तो अख्खा जेल रोडच्या वसाहतींना दिला होता. माझ्या यादीत त्या गटाची ओळ नव्हती. मी खोटे पत्ते अडवले होते आणि त्यांच्याबरोबर जेल रोडची खरी माणसंही अडवली होती. काल दुपारी तीनपासून त्यांच्या घरातलं एकही पाकीट नाशिकबाहेर गेलं नव्हतं.

ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं.

"काका, झालं," मी म्हणाले. "तारेचा दोष नव्हता. चूक माझी होती. मी एक ओळ लिहायला विसरले."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही आणि पेन काढलं, उभ्या उभ्याच लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली.

'सांगितलेत हे बरे केलेत. आम्ही गच्चीवरच्या पोरांना उगाच शिव्या घातल्या.'

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी फिल्टर कशासाठी लावला ते त्यांना सांगायला लागले, तेव्हा मात्र ते खुर्चीवर बसले. मधून मधून प्रश्न लिहायचे. 'पत्ता खोटा लिहिता येतो?' 'कोणी तपासत नाही?' त्या खोलीत माझ्या कामाबद्दल इतके प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते.

शेवटी मी विचारलं, "काल खूप अडचण झाली का?"

त्यांनी बराच वेळ लिहिलं. त्यांची मुलगी परदेशात होती. पत्नी पाच वर्षांपूर्वी गेलेली. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात आवाज गेला. रोज संध्याकाळी साडेपाचला ते आणि मुलगी कॉम्प्युटरवर टाइप करून गप्पा मारायचे. काल ते दिसले नाहीत म्हणून मुलीनं घाबरून घरी फोन केला. फोनवर त्यांची एक पद्धत होती. ती विचारायची आणि ते बोटानं रिसीव्हरवर वाजवायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

खाली त्यांनी लिहिलं होतं, 'तिने सगळे विचारले. बरे आहात का, जेवलात का, औषध घेतले का. पण जे तिने विचारलेच नाही ते कसे सांगणार?'

मी विचारलं नाही की काय सांगायचं होतं.

त्याच दुपारी मी उरलेलं काम हातात घेतलं. फिल्टरमुळे पूर बाहेर जात नव्हता, पण आमच्या तारांमध्ये तो चालूच होता. आत कुठलं तरी मशीन अजून पाकिटं ओकत होतं. वरचा पत्ता खोटा असला, तरी प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला एक क्रमांक असतो आणि जोडणी देताना आम्ही तो रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचो. मी एकेक शाखा तपासत गेले. पूर नाशिक रोडच्या बाजूनं येत होता. मग जेल रोड. मग एक वसाहत. मग एक क्रमांक. रजिस्टरमध्ये त्या क्रमांकासमोर नाव होतं, आणि शेरा होता: 'गिऱ्हाईक बोलू शकत नाही, दारावर जाऊन बोलावे.'

मी दोनदा ताडून बघितलं. तेच होते.

अशा मशीनची लाइन तोडायची, असा आमचा नियम होता. नियम मीच केला होता. बिघडलेलं मशीन असलं की त्याची लाइन बंद करायची आणि गिऱ्हाइकाला कळवायचं. हात कळफलकावर होता. साडेपाचला पाऊण तास उरला होता. मी लाइन तोडली नाही. त्याऐवजी त्यांच्या एकट्याच्या तारेवर एक वेगळा फिल्टर लावला, म्हणजे खोट्या पत्त्याची पाकिटं त्यांच्या इमारतीतच मरतील आणि खऱ्या पत्त्याची तेवढी पुढे जातील. साडेपाचनंतर मी बघितलं. खरी पाकिटं जात होती. लहान लहान, थांबत थांबत, माणूस टाइप करतो तशी.

शनिवारी सकाळी मी व्हायरस काढायच्या सीड्या घेऊन जेल रोडला त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्यांनी चहा केला. मी कॉम्प्युटर बघितला आणि पाच मिनिटांत ते सापडलं. कुणा ओळखीच्यानं नव्या वर्षाचं भेटकार्ड ईमेलनं पाठवलं होतं. त्यांनी ते उघडलं, त्यात फुलं आणि फटाके दिसले, आणि त्यामागून हा व्हायरस शिरला.

मी त्यांना सांगितलं. ग्रंथालयाचं, परीक्षेच्या तोंडावरच्या मुलांचं, सगळं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वही ओढली.

'मी केले?'

"तुम्ही नाही काका. तुमच्या मशीननं केलं. तुम्हाला माहीतही नव्हतं."

'मशीन माझेच आहे.'

मी साफसफाई करत होते तोवर ते टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. दुपारी निघताना त्यांनी मला एक पत्र दिलं. इंग्रजीत होतं, सरकारी वळणाचं. आपल्या हातून नकळत झालेल्या त्रासाबद्दल ग्रंथालयाच्या संबंधितांची आणि विद्यार्थ्यांची क्षमा मागितली होती. खाली सही, तारीख, पूर्ण पत्ता.

"याची गरज नाही," मी म्हणाले.

त्यांनी पत्र परत घेतलं नाही. सोमवारी मी ते टाइप करून ग्रंथालयाच्या माणसाला पाठवलं. त्या दिवशीच त्याचा फोन आला. मशीन कुणाचं होतं, ते कसे बोलतात, मी सगळं सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांची लाइन बंद करू नका हं."

"नाही केली," मी म्हणाले.

त्यानंतर त्या माणसाशी माझं कधी बोलणं झालं नाही. मला तो दिसायला कसा आहे हेही माहीत नाही.

रविवारी मी जेल रोडला जायला लागले. पहिल्यांदा मशीन नीट आहे का ते बघायचं निमित्त होतं. मग निमित्त लागेना. मी जाताना भाजी न्यायचे, ते पोहे करायचे. मी बोलायचे, ते लिहायचे. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांनी मला वहीत 'तुम्ही'चं 'तू' केलं. त्यांच्या कपाटात अशा भरलेल्या वह्यांची चवड होती. मी एकदा विचारून एक उघडली. सगळी पानं त्यांच्याच वाक्यांनी भरलेली. 'नको, साखर कमी.' 'केव्हा?' 'ते तर फार वाईट झाले.' 'हो, पण तिला सांगू नका.' समोरचा माणूस काय बोलला ते कुठेच नव्हतं. काय वाईट झालं, कुणाला सांगायचं नव्हतं, काही कळत नव्हतं. मी वही मिटून ठेवली.

एका रविवारी मी त्यांना लग्नाचं सांगितलं. कुणाला कधी एवढं सलग सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. सगळे मला विचारायचे, त्यानं काय केलं, सासूनं काय केलं, तू का आलीस. काकांनी लिहिलं, 'तिथे तुझ्याशी बोलणारे कोणीच नव्हते?'

"नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवला. बस, तेवढंच. पण त्या दिवशी परतताना बसमध्ये मला गाढ झोप लागली आणि माझा स्टॉप गेला.

दीड वर्ष असं चाललं. मग त्यांची मुलगी आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, बोलकी. तिनं त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. कागदपत्रं झाली, घर भाड्यानं दिलं गेलं. मी शेवटच्या रविवारी गेले तेव्हा दारात रद्दीवाल्याची हातगाडी होती आणि वह्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेले होते.

"एखादी मी ठेवू का?" मी विचारलं.

त्यांनी नव्या वहीत लिहिलं, 'कशाला? त्यात फक्त मीच आहे. वाचून तुला काही कळायचे नाही.'

मुलगी म्हणाली, "अगं, तू ये ना तिकडे कधीतरी." मी हो म्हणाले. रद्दीवाला गठ्ठे उचलून गेला.

काही महिने त्यांचे ईमेल आले. तिथे बर्फ पडतो, बाग आहे, नातवाला मराठी वाचता येत नाही म्हणून इंग्रजीत लिहावं लागतं. मग ईमेल कमी झाले. मग एक दिवस मुलीचा आला, चार ओळींचा. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मी उत्तर लिहायला बसले आणि तीन दिवस लिहीतच राहिले. शेवटी दोनच ओळी पाठवल्या.

पुन्हा रविवार मोकळे झाले.

वर्षभरानं भाऊंनी इंटरनेटचा धंदा एका मोठ्या कंपनीला विकला. टेलिफोनच्या तारेतून वेगवान इंटरनेट यायला लागलं होतं, गच्चीवरच्या केबलचे दिवस संपत आले होते. भाऊ म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी मी शब्द टाकतो." त्यांनी टाकलाही असेल. पण त्या कंपनीचं सगळं मुंबईहून चालायचं, त्यांना नाशिकमध्ये माणूस नको होता.

शेवटच्या आठवड्यात मुंबईहून त्यांचा इंजिनिअर फोनवर माझ्याकडून सगळं समजून घेत होता. तरुण आवाज होता, मराठी होता. मी राउटरवरची एकेक ओळ सांगत होते आणि तो "हं, हं" करत होता. फिल्टरपाशी तो थांबला.

"मॅडम, हे बाहेर जाणाऱ्यांवर का लावलंय? आत येणाऱ्यांवर समजू शकतो."

"आपल्या घरातून दुसऱ्याकडे खोट्या पत्त्यानं काही जाऊ नये म्हणून."

"असं कधी झालंय तुमच्याकडे?"

मी त्याला सांगायला लागले. ग्रंथालय, खोटे पत्ते, विसरलेली ओळ, जेल रोड. जेवढं कामाचं होतं तेवढंच सांगायचं ठरवलं होतं, पण बोलता बोलता अर्धा तास गेला. काकांचं मात्र मी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, की यादी बदलाल तेव्हा दोन्ही गटांचे पत्ते आहेत ना ते बघा, नाहीतर माणसं अडकतात.

"काढला तर काय होईल?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काहीच होणार नाही. तुमच्या लक्षातही येणार नाही."

"मग राहू दे," तो म्हणाला. "पुढची ओळ?"

पुढची ओळ सांगितली. दुपारी एकच्या सुमारास सगळं संपलं. मी एसीखालचं स्वेटर पिशवीत घातलं, किल्ली पहिल्या मजल्यावर भाऊंच्या टेबलावर ठेवली. ते बाहेर गेले होते. तक्रारीच्या बाई फोनवर बोलत होत्या, त्यांनी हातानंच "थांबा" अशी खूण केली. मी थोडी थांबले. त्यांचं बोलणं लांबलं, म्हणून निघाले.

उपनगरातल्या खोलीवर न जाता मी निफाडची एसटी धरली. पुण्यातल्या एका नोकरीचं पत्र यायला अजून महिना होता, आणि ते येईल हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. घरी पोचले तेव्हा बागेत छाटणी चालली होती. वडील बांधावरून बघून नुसते हसले. आई काड्या गोळा करत होती. तिनं पदरानं हात पुसले.

"आज कशी काय? सुट्टी हाय का?"

"काम संपलं."

"किती दिवस ऱ्हाशील?"

"बघू," मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसून काड्या गोळा करायला लागले.